जुन्या पिकअपची बॅटरी उतरते, सायलेन्सर फुटतो: दोन्ही तक्रारी एकत्रच तपासा

सकाळी सेल्फ नुसता 'टक्' करतो आणि गाडी ढकलून चालू करावी लागते. बॅटरीवाला सांगतो बॅटरी ठणठणीत आहे. वायरमन डायनामोचे (अल्टरनेटरचे) कार्बन बदलून देतो, चार दिवस बरे जातात. मग सायलेन्सरचा जाळीचा पाइप फुटतो, त्याला वेल्डिंग होतं, आणि वेल्डिंगनंतर आठवडाभरात चार्जिंगचा लाल दिवा लागतो. पुन्हा वायरमन. दर तीन-चार महिन्यांनी हे चक्र फिरत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

गंमत अशी की प्रत्येक कारागिराने आपापलं काम बहुतेक वेळा नीटच केलेलं असतं. चुकतो तो क्रम. इंजिन चेसिसवर रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही, म्हणून सेल्फ आणि डायनामोचा सगळा करंट परत यायला इंजिन ते चेसिस अशी एकच अर्थिंगची पट्टी असते. एक्झॉस्ट पाइपचंही तसंच. त्याचं एक टोक हलत्या इंजिनला घट्ट बोल्ट केलेलं, दुसरं चेसिसला रबराने टांगलेलं. फाउंडेशनचं रबर खचलं की इंजिन प्रत्येक चालू-बंदला डोलतं आणि अर्थिंगची पट्टी, जाळीचा पाइप ही दोन्ही एकाच धक्क्याने तुटत जातात. फुटलेल्या पाइपातला गरम धूर शेजारच्या वायरिंगवर येतो. पाइप वेल्ड करताना बॅटरी जोडलेलीच राहिली तर डायनामोचे डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) जातात. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी फाउंडेशन, मग अर्थिंग, मग चार्जिंग, मग एक्झॉस्ट. दिवे आणि बाकीचं वायरिंग सर्वांत शेवटी.

हे लिहिताना समोर आहेत त्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ अशा १२ व्होल्टच्या, मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्या. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शन) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीलाही बरंचसं लागू पडतं, पण तिथे वेल्डिंगच्या आधी ईसीयूचे प्लगही काढायचे. बीएस-६ गाडीचा एक्झॉस्ट हा वेगळाच विषय आहे, त्यात या पद्धतीने हात घालू नका.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर (१० अँपिअरची रेंज असलेला), २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरींचा घरी केलेला टेस्ट लॅम्प, हायड्रोमीटर, रिंग पाने, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि सेल्फ मारायला एक माणूस.

फाउंडेशन

बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा. दुसऱ्याला गाडी चालू-बंद करायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून नुसतं इंजिनकडे बघा. थोडं हलणं साहजिक आहे. पण बंद करताना इंजिन एका बाजूला आपटून परत येत असेल, किंवा एक्झॉस्टचा पुढचा पाइप चेसिसच्या आडव्या पट्टीला घासत असेल, तर फाउंडेशन गेलं. खात्री करायची तर गिअरबॉक्सजवळ जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन अगदी बोटभर उचला. सम्पखाली (इंजिनखालच्या ऑइलच्या तव्याखाली) थेट जॅक लावू नका, पत्रा चेपतो. रबर लोखंडापासून सुटून आलेलं असेल तर उचलताना फट दिसते. तेलाने फुगून मऊ पडलेलं रबरही गेलेलंच समजा.

इंजिनची दोन आणि गिअरबॉक्सचं, अशी सगळी फाउंडेशनं एकदमच बदला. एकच नवीन टाकलं तर इंजिन तिरकं बसतं आणि सगळा भार नव्यावर येऊन तेही लवकर जातं. बोल्ट आधी हाताने लावा, इंजिनचा भार पूर्ण खाली सोडा, एकदा चालू करून बंद करा आणि मगच आवळा. इंजिन उचललेल्या स्थितीत आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं.

हे काम टाळून पुढे गेलात तर पुढची सगळी मेहनत काही महिन्यांपुरतीच आहे.

अर्थिंग: डोळ्यांनी नाही, मीटरने बघा

अर्थिंगची पट्टी बाहेरून चांगली दिसते आणि आतून हिरवी झालेली असते. विणलेल्या तांब्याच्या पट्टीत अर्ध्या तारा तुटल्या तरी टेस्ट लॅम्प लख्ख पेटतो, कारण त्याला लागतात जेमतेम दोन अँपिअर. सेल्फला लागतात दोनशे-तीनशे. म्हणून तपासणी लोडवरच करायची.

गाडी चालू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरा, किंवा पंपावर सोलेनॉइड असेल तर त्याची वायर काढा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर टेकवा. टर्मिनलवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या खरवडलेल्या धातूवर. आता चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत आला तर ठीक. ०.५ आला तर काम करायलाच हवं. १ व्होल्ट किंवा वर आला तर दोष अर्थिंगचा आहे, आधी बॅटरीला शिव्या देऊ नका.

मग काळी पिन तिथेच ठेवून लाल पिन चेसिसवर टेकवा आणि पुन्हा सेल्फ मारा. चेसिसवर आकडा छोटा आणि इंजिनवर मोठा आला तर दोष इंजिन ते चेसिसच्या पट्टीत. दोन्हीकडे मोठा आला तर बॅटरी ते चेसिसच्या केबलमध्ये किंवा टर्मिनलवर. अशीच मोजणी प्लसच्या बाजूनेही करा: एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरत असताना तिथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खांबांवरचं व्होल्टेजही बघून ठेवा. ते ९.६ च्या खाली गेलं तर मात्र बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

अर्थिंग गेल्याची एक खूण मीटरशिवाय कळते. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल कोमट लागते, कधी तिच्या प्लास्टिकचा वासही येतो. इंजिनातून परत जायला करंटला दुसरी वाट नसली की तो या केबलमधून जातो. अशी केबल आतून जळून जड होते. 'क्लच केबल सारखी जाम होते' ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीची अर्थिंगची पट्टी आधी तपासावी.

नवीन पट्टी टाकताना ३५ चौरस मिमीपेक्षा बारीक केबल घेऊ नका. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) हातोडीने चेपून चालत नाही, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घ्या. बॅटरीच्या दुकानात ते असतं. चेसिसवर जिथे बोल्ट येतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून पांढरा धातू दिसू द्या, दातेरी वॉशर टाका, आवळा आणि मगच वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट हा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो चुकीचा. केबलला थोडी ढील ठेवा, इंजिन हलल्यावर ताण यायला नको.

चार्जिंग

गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही घरं बघा. पाच घरांत १२५० आणि एकात ११५० असेल तर ते घर मेलं आहे. मग बाकी कितीही दुरुस्ती केली तरी बॅटरी बदलावी लागणार.

गाडी चालू करून इंजिन जरा वाढवलेल्या वेगावर ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. १३.२ च्या आसपास अडकलं असेल तर आधी बेल्ट बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला पाहिजे. दिवे लावल्यावर किंचाळणारा बेल्ट ढिला असतो किंवा त्यावर तेल आलेलं असतं. १४.८ च्या वर जात असेल तर कटआऊट (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला आहे. अशा गाडीत बॅटरीचं पाणी दर आठवड्याला कमी होतं आणि बल्ब पटापट उडतात.

आता मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि तेच मोजा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेला आहे. गेलेला डायोड दोन नुकसानं करतो. दिवसा चार्जिंग अपुरं, आणि रात्री बॅटरीतून उलटा करंट. सकाळी गाडी चालू करण्याआधी डायनामोच्या मागच्या बाजूला हात लावून बघा. थंड इंजिनावर तो एकटाच कोमट लागला तर चोर सापडला.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये आणखी एक जागा आहे, आणि वारंवार कार्बन बदलावे लागणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. यातल्या पुष्कळ गाड्यांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीला जोडलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल पुरवलं जातं. पंप आणि डायनामोमधलं ऑइल सील गेलं की ऑइल आत झिरपतं, कार्बनची पूड त्यात मिसळून काळा चिखल होतो आणि कार्बन स्लिप रिंगवर टेकत नाहीत. वायरमन कार्बन बदलतो, रिंग पुसतो, गाडी देतो. महिन्याभरात परत तेच. सील बदलणं हा अर्धा उपाय आहे. पंपातून ऑइल सम्पकडे परत नेणारी जाड रबरी नळी काढून त्यातून फुंकून बघा. ती आतून सुजलेली किंवा चोंदलेली असेल तर ऑइल मागे साचतं आणि नवीन सीललाही ढकलून बाहेर येतं. सील आणि नळी जोडीनेच बदला. ही नळी बऱ्याचदा एक्झॉस्टच्या बाजूनेच जाते. मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तर तिला कडक व्हायला वेळ लागत नाही. ब्रेक पॅडल जड लागत असेल तर व्हॅक्यूमचीही तपासणी करून घ्या. ते नुसतं चार्जिंगचं प्रकरण राहत नाही.

लाल दिव्याबद्दल थोडं. चावी लावल्यावर चार्जिंगचा दिवा लागायलाच हवा. तो न लागणं ही चांगली खूण नाही. पुष्कळ गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट याच छोट्या बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला तर इंजिन जोरात फिरवेपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही, आणि शहरात थांबत-थांबत चालणारी गाडी दिवसभर बॅटरी खात राहते. मीटरच्या पॅनेलमध्ये सगळीकडे एलईडी टाकून घेतले असतील तर हाच परिणाम होतो, कारण एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. तिथे मूळ वॉटचा साधा बल्बच ठेवा.

गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनामो चालतोय का' बघण्याची पद्धत अजून चालू आहे. बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि चांगले डायोड, चांगला कटआऊटही जातो. कुणी टर्मिनलला पाना लावताना दिसलं तर आधी गाडी बंद करायला सांगा.

रात्रीत उतरणारी बॅटरी

चार्जिंग बरोबर आहे आणि तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी बसते, तर कुठेतरी गळती आहे. सगळे दिवे बंद, चावी बाहेर, दरवाजे लावलेले. बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवून खांब आणि केबल यांच्यामध्ये जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, चावीही लावू नका. मीटरचा फ्यूज उडेल. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. ०.५ असेल तर हिशेब करा: दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ७० अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते.

आता एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला की तो सर्किट पकडा. टेप, जीपीएस ट्रॅकर, हौद्यातला दिवा, मोबाइल चार्जरचं सॉकेट हे नेहमीचे संशयित. एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर डायनामोची जाड वायर सोडवून बघा. ती सोडवल्यावर शून्य आला तर चार्जिंगमध्ये सांगितलेल्या डायोडच्या तपासणीकडे परत जा.

एक्झॉस्ट कुठे फुंकतोय

शोधायला सर्वांत चांगली वेळ म्हणजे सकाळचं थंड इंजिन. चालू केल्यावर 'टक-टक' किंवा 'फुस-फुस' आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत कमी होतो, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग. लोखंड तापून फुगतं आणि फट मिटते. त्यामुळेच गॅरेजला पोचेपर्यंत आवाज गायब होतो आणि मेकॅनिक म्हणतो काही नाही. आवाजाने फसू नका, काजळी बघा. जिथून फुंकतं तिथे काळा पंखा उमटलेला असतो. जोडांवर साबणाचं पाणी मारा. ते थंड इंजिनावरच, आणि चालू केल्यावर लगेच. दुसऱ्याने जाड फडक्याने टेलपाइप दोन-तीन सेकंद अर्धवट दाबून धरला तर बारीक फटीतूनही बुडबुडे येतात.

टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच्या आधीची गळती सर्वांत महाग पडते. धुराचा जोर टर्बोला फिरवण्याआधीच बाहेर जातो, हवा कमी पडते, घाटात गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. मग लोक पंपवाल्याकडे जातात, तो डिझेल कमी करून देतो, धूर जातो आणि ताकदही जाते. पंपाला हात लावण्याआधी पॅकिंग बघा.

मॅनिफोल्ड काढायच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. स्टड तुटला तर घाईने ड्रिल लावू नका. राहिलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. उष्णतेने स्टड सुटतो आणि बऱ्याचदा नटासकट फिरून येतो. काढलेल्या मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. ०.२ मिमीचं पातं शिरलं तर मॅनिफोल्ड वाकला आहे, लेथवाल्याकडून तोंडं सपाट करून घ्या. न करता नुसतं नवीन पॅकिंग घातलं तर ते त्याच जागी फुंकणार. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन फेऱ्यांत आवळा. एकदा गाडी चांगली तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा आवळा. ही दुसरी फेरी सर्रास वगळली जाते.

जाळीचा पाइप वाकणं सहन करतो, पिळणं नाही. म्हणून बसवताना इंजिनपासून टेलपाइपपर्यंत सगळे जोड ढिले ठेवा, सायलेन्सर टांगण्याच्या रबरांवर आपोआप बसू द्या, आणि मग इंजिनच्या बाजूने मागे आवळत या. रबरं तुटल्यावर सायलेन्सर तारेने बांधलेला असेल तर ती तार काढून टाका. तारेने सायलेन्सर चेसिसला जखडतो आणि इंजिनचं सगळं हलणं जाळीच्या पाइपावर येतं. दोन रबरांची किंमत एका वेल्डिंगपेक्षा कमी असते.

एम-सील, पत्र्याचा तुकडा आणि क्लॅम्प असे उपाय घरी पोचण्यापुरते. ॲस्बेस्टॉसच्या दोरीला तर हातच लावू नका, त्याची धूळ फुफ्फुसात जाते.

सायलेन्सर बाहेरून धड दिसतो पण आतला पत्रा सुटून तोंडावर आलेला असतो, असंही होतं. रबरी हातोडीने ठोकून खडखड ऐका. पक्कं करायचं तर सायलेन्सरच्या आधीचा जोड ढिला करून गाडी थोडी चालवा. ताकद परत आली तर आतून चोंदलेला आहे.

केबिनमध्ये धुराचा वास येणं हलक्यात घेऊ नका. गिअर लिव्हरचं रबर फाटलं असेल, किंवा वायरिंग आत येतं तिथला ग्रोमेट पडला असेल, तर गळतीचा धूर तिथूनच शिरतो. डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं, झापड येणं ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं असू शकतात. गळती दुरुस्त होईपर्यंत काचा उघड्या ठेवा आणि लांबचं भाडं घेऊ नका.

वेल्डिंगच्या आधी

हे छापून सायलेन्सरवाल्याच्या भिंतीवर लावावं असं आहे.

१. बॅटरीचं आधी मायनस, मग प्लस टर्मिनल काढा. दोन्ही केबल एकमेकींना लागणार नाहीत अशा बाजूला बांधा.
२. डायनामोची जाड वायर आणि छोटा प्लग काढा.
३. वेल्डिंगची अर्थ क्लिप ज्या पाइपवर काम आहे त्याच पाइपवर, वेल्डच्या जागेपासून वीतभर अंतरात लावा. बंपरला किंवा हौद्याला कधीच नको. तिथे लावली तर वेल्डिंगचा करंट बेअरिंग, अर्थिंगची पट्टी आणि केबलांमधून वाट काढत जातो.
४. डिझेलची टाकी, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि वायरिंग ओल्या पोत्याने झाका, पाण्याची बादली जवळ ठेवा. शक्य असेल तर पाइप काढूनच बाहेर वेल्ड करा.

पाइपच्या पातळ पत्र्याला २.५ मिमीचा रॉड आणि ७० ते ८० अँपिअर पुरतात. जास्त ठेवलं तर भोक मोठं होत जातं. गंजून कागद झालेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही. चांगला धातू लागेपर्यंत कापा आणि तुकडा जोडा.

उष्णता आणि वायर

लोडवर मॅनिफोल्डपाशी धुराचं तापमान ४०० अंशांच्या वर जातं आणि साध्या पीव्हीसी वायरचं आवरण १०० अंशांच्या पुढे टिकत नाही. सेल्फची वायर, ऑइल प्रेशर स्विचची वायर आणि मागच्या दिव्यांची जुडी, या तीन जागा हाताने चाचपून बघा. आवरण कडक, चकचकीत किंवा चिकट लागलं तर तेवढा तुकडा बदला. एक्झॉस्ट आणि वायर यांच्यात किमान वीतभर अंतर हवं. ते मिळत नसेल तर मध्ये पत्र्याची आड लावा आणि वायरवर फायबरग्लासची नळी चढवा. प्लास्टिकच्या पट्ट्या तिथे वितळतात, लोखंडी क्लिप रबरासकट वापरा.

मागचा फ्यूज अधूनमधून उडत असेल तर ३० अँपिअरचा टाकून प्रश्न मिटवू नका. सिगारेटच्या चांदीचा तर विचारच नको. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा आणि त्या सर्किटवरचे सगळे दिवे बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल. आता खाली जाऊन जुडी जागोजाग हलवत जा: आडव्या पट्टीची धार, स्टेपनीचा हँगर, पाट्याचा ब्रॅकेट. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो ती जागा उघडा. वायर पिळून वर टेप हा जोड पावसाळ्यापर्यंतच टिकतो. क्रिम्प किंवा डाख आणि वर तापवून आवळणारी नळी, हाच टिकाऊ जोड.

मागचे दिवे वेडेवाकडे लागत असतील, म्हणजे ब्रेक दाबला की पार्किंग मिणमिणतो, किंवा इंडिकेटरसोबत ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, तर दिव्याचं अर्थिंग गेलं आहे. हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये लाकूड किंवा रबर असतं, त्यामुळे हौद्याच्या पत्र्यावर अर्थिंग भरवशाचं नसतं. दिव्यापासून थेट चेसिसपर्यंत १.५ चौरस मिमीची वेगळी वायर ओढा. कोकणात मासळी नेणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी फाळक्यातून गळून नेमकं दिव्याच्या प्लगवर येतं. तिथे प्लग उलट्या दिशेने, तोंड खाली करून बांधावा आणि आत व्हॅसलिन भरावं.

हेडलाइट मंद असतील तर १०० वॉटचे बल्ब हा उपाय नाही, त्याने स्विच आणि होल्डर जळतात. आधी बल्बच्या पिनेवर व्होल्टेज मोजा. १० टक्के व्होल्टेज घटलं की हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. डिपर आणि अपरला एकेक रिले लावा: ३० नंबरला बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची वायर आणि बॅटरीच्या जवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुनी स्विचची वायर, ८५ अर्थला. मूळचे ६०/५५ वॉटचे बल्बच पुरेसे ठरतात.

धूर आणि पीयूसी

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, टर्बोची फाटलेली रबरी नळी, एक्झॉस्टची गळती, नोझल, पंप, याच क्रमाने बघा, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ चालतो. गाडी तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग.

पीयूसीत बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर, म्हणजे ६५ एचएसयू (हार्ट्रिज स्मोक युनिट, धूर मोजायचं एकक) आहे, आणि बीएस-४ ला १.६२, म्हणजे ५० एचएसयू. थंड इंजिनावर चाचणी देऊ नका. आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून न्या. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी त्यात निघून जाते आणि आकडा खाली येतो.

सगळं झाल्यावर चार आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज, इंजिनच्या अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप, दिवे लावून चार्जिंग, आणि रात्रीची गळती. साधारण ५०० किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे नट, फाउंडेशनचे बोल्ट आणि अर्थिंगचा बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळा आणि तेच चार आकडे परत मोजा. पुढे कधीही गाडी सकाळी कुरकुरली तर दुकानात जाण्याआधी हे आकडे घ्या. अर्थिंगचा आकडा वाढला असेल तर पट्टी आणि फाउंडेशन, चार्जिंगचा पडला असेल तर बेल्ट आणि व्हॅक्यूम पंपाचं सील, गळती वाढली असेल तर डायोड किंवा नव्याने लावलेलं एखादं उपकरण. चारही जसेच्या तसे असतील आणि तरी सेल्फ जड फिरत असेल, तर सेल्फच काढून त्याचे बुश आणि कार्बन बघायला द्या.